झाहारी झोग्राफ : नाव, चेहरा आणि भिंत

कलेच्या इतिहासात ‘पहिला’ हे विशेषण जितके सोयीचे, तितकेच फसवे असते. एकोणिसाव्या शतकातील बल्गेरियन चित्रकार झाहारी झोग्राफ (१८१०–१८५३) ह्याच्या नावामागे ते कायमचे चिकटले आहे. बल्गेरियाचा पहिला लौकिक चित्रकार, मध्ययुगीन प्रतिमाकलेची चौकट मोडणारा पहिला आधुनिक कलावंत, असा त्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांपासून मार्गदर्शिकांपर्यंत सर्वत्र आढळतो. १९९१ साली बल्गेरियाने काढलेल्या शंभर लेव्हांच्या नोटेवरही त्याचीच मुद्रा होती. परंतु ह्या ‘पहिल्या लौकिक चित्रकारा’च्या कामाचा हिशेब मांडू लागले की एक विसंगती ताबडतोब डोळ्यांत भरते. त्याची लौकिक म्हणावीत अशी चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. उरलेले सारे आयुष्य त्याने मठांच्या आणि देवालयांच्या भिंती रंगविण्यात व वेदीपुढील प्रतिमा लिहिण्यात घालविले. तेव्हा त्याचे नावीन्य शोधावयाचे ते त्या चार-दोन व्यक्तिचित्रांत की ह्या भिंतींवर, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते भिंतींवरच शोधले पाहिजे. आणि तेथे जे दिसते ते परंपरेविरुद्धचे बंड नसून परंपरेच्या पोटातच घडलेला एक फेरपालट आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ‘झोग्राफ’ हे त्याचे आडनाव नव्हे. ते धंद्याचे नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अवयवार्थ ‘सजीवाचे लेखन करणारा’ असा होतो. परंतु बायझंटाईन परंपरेतील ख्रिस्ती जगात तो देवालये रंगविणाऱ्या व आयकन, म्हणजे पूजनीय प्रतिमाचित्रे, तयार करणाऱ्या कारागिराला रूढ झाला. झोग्राफाने सजीव माणसाकडे पाहून चित्र काढावे अशी अपेक्षा नव्हती. कोणता संत कोणत्या वयाचा, त्याची दाढी केवढी, हातातील पटावर कोणते वचन, देवालयाच्या कोणत्या भागात कोणता प्रसंग, हे सारे ठरलेले असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फूर्ना येथील दिओनिसिओस ह्या एथॉसच्या साधूने असे नियम एकत्र करून ‘हर्मेनेइआ’ हा ग्रंथ रचला, आणि अशा नियमपोथ्यांच्या हस्तलिखित प्रती बाल्कन प्रदेशातील चित्रकारांच्या हातांत फिरत राहिल्या. आपल्याकडील शिल्पशास्त्राच्या अभ्यासकांना ह्या प्रकारच्या ग्रंथांचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

झाहारीचा जन्म १८१० साली समोकोव्ह येथे झाला. रीला पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे गाव लोखंडाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या अजस्र घणाला ‘समोकोव्ह’ म्हणतात, त्यावरूनच गावाला नाव पडले. झाहारीचा पिता ख्रिस्तो दिमित्रोव्ह हा जवळच्या दॉस्पे ह्या खेड्यातून येऊन तेथे स्थायिक झाला आणि त्याच्यापासूनच समोकोव्हच्या चित्रकारांची परंपरा सुरू झाली असे मानतात. १८१९ साली तो वारला तेव्हा झाहारी जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्याला कुंचला धरावयास शिकविले ते थोरला भाऊ दिमितर (१७९६–१८६०) ह्याने. १८३१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो भावाच्या बरोबरीचा भागीदार झाला. म्हणजे घराणे, भावाची उमेदवारी आणि मग भागीदारी अशी ही चारचौघा कारागिरांसारखीच वाटचाल आहे. कोणत्याही कला-अकादमीची पायरी तो कधी चढला नाही.

असामान्य होता तो काळ. तुर्की साम्राज्यातील ख्रिस्ती प्रजेवर नवी देवालये बांधण्याबाबत दीर्घकाळ कडक निर्बंध होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात ते सैल होत गेले आणि १८३९ च्या ग्युल्हानेच्या फर्मानाने सुधारणांचे नवे पर्व सुरू झाले. तत्पूर्वीच १८२६ मध्ये जानिसारी फौज मोडून सुलतानाने नवे लष्कर उभारले होते. त्या लष्कराला गणवेशांसाठी जाडेभरडे लोकरी कापड आणि गोंडे-फिती ह्यांचा पुरवठा करण्यात बाल्कन डोंगरांतील बल्गेरियन गावांचा मोठा वाटा होता. कोप्रिव्हश्तित्सा, गाब्रोव्हो अशा गावांत पैसा आला. त्या पैशाचा एक ओघ शाळांकडे वळला, दुसरा देवालयांकडे. त्रोयान मठाचे मुख्य देवालय १८३५ साली पुरे झाले; १८३३ च्या आगीत होरपळलेल्या रीला मठात १८३४ ते १८३७ ह्या काळात नवे प्रशस्त देवालय उठले; तिर्नोव्होजवळच्या प्रेओब्राझेन्स्की मठाची पायाभरणी १८३४ मधली. एवढ्या कोऱ्या भिंती बल्गेरियन झोग्राफांना कित्येक पिढ्यांत मिळाल्या नव्हत्या. झाहारीची कर्तबगारी मोजताना ही गोष्ट विसरली जाते. प्रतिभा कितीही मोठी असली, तरी भिंतच नसेल तर भित्तिचित्रकार निपजत नाही.

दुसरा प्रभाव व्यक्तीचा आहे. बल्गेरियन प्रबोधनातील अग्रगण्य विद्वान, साधू नेओफित रिल्स्की (१७९३–१८८१), हा झाहारीचा गुरू आणि पुढे मित्रही. दोघांमधील पत्रव्यवहाराचा काही भाग सुदैवाने टिकला असून झाहारीच्या मनात डोकावण्याचे ते एक मोलाचे साधन आहे. ह्याच नेओफितने १८३५ साली बोलीभाषेच्या आधाराने बल्गेरियन व्याकरण प्रसिद्ध केले, त्याच वर्षी गाब्रोव्हो येथे नव्या पद्धतीच्या शाळेत शिकविण्यास आरंभ केला, आणि १८४० मध्ये त्याने केलेले ‘नव्या करारा’चे बल्गेरियन भाषांतर स्मर्ना येथे छापून निघाले. ह्या तिन्ही कामांमागे एकच सूत्र होते : धर्म आणि विद्या ह्यांनी लोकांच्या तोंडच्या भाषेत बोलावे. नेओफितने धर्म सोडला नव्हता. त्याने धर्माची बोली बदलली. शिष्याने भिंतीवर जे केले त्याचे वर्णन ह्याच शब्दांत करता येईल असे मला वाटते. १८३८ मध्ये झाहारीने गुरूचे व्यक्तिचित्र काढले. ते, भावजय ख्रिस्तियानिया हिचे चित्र आणि स्वतःचे चित्र ही त्याची लौकिक चित्रकला. तिन्ही व्यक्ती त्याच्या निकटच्या आहेत, आणि तिघांच्याही मस्तकामागे प्रभामंडल नाही. ही चित्रे पाहताना आयकनवर पोसलेला हात ओळखू येतो. रेषा ठाम आहे, छायाप्रकाश जपून वापरला आहे, चेहऱ्याची घडण प्रतिमेसारखी स्थिर आहे. तथापि डोळे मात्र एका विशिष्ट माणसाचे आहेत.

१८३० नंतरच्या दशकात त्याचे बहुतेक काम प्लोव्दिव्ह आणि कोप्रिव्हश्तित्सा येथील देवालयांसाठी प्रतिमा लिहिण्याचे होते. प्लोव्दिव्हच्या संत कॉन्स्टंटाईन व हेलेना ह्यांच्या देवालयातील वेदीपुढील प्रतिमांत त्याचा हात आहे. हे देवालय १८३२ साली नव्याने उभे राहिले ते मुख्यतः धनिक व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर, आणि त्या देणगीदारांत कोप्रिव्हश्तित्साहून आलेले चालकोव्ह घराणे प्रमुख होते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

भित्तिचित्रकार म्हणून त्याची कीर्ती झाली ती बाच्कोव्हो मठापासून. प्लोव्दिव्हच्या दक्षिणेस ऱ्होडोपी पर्वतात असलेला हा मठ १०८३ साली स्थापन झालेला. तेथील संत निकोलस ह्याच्या देवालयाच्या उघड्या प्रवेशमंडपात झाहारीने १८४० मध्ये ‘अंतिम न्यायनिवाडा’ रंगविला. विषय शेकडो वर्षांचा, मांडणीही परंपरेची : वर सिंहासनस्थ ख्रिस्त, बाजूंना प्रेषित, आत्म्यांची तराजूने तोलणी, एका अंगाला स्वर्ग, आणि दुसरीकडे पापी जनांना ओढून नेणारी अग्निनदी. परंतु ह्या अग्नीच्या दिशेने चाललेल्या मंडळींकडे पाहिले की प्रेक्षक थबकतो. तेथे प्लोव्दिव्हमधील श्रीमंत स्त्रीपुरुष आपापल्या उंची पोशाखांत, दागदागिन्यांसह उभे आहेत. ते कोण्या प्राचीन बाबिलोनचे पापी नव्हेत. ज्यांना यात्रेकरूंनी आठवड्यापूर्वी बाजारात पाहिले असेल असे ते लोक आहेत. आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यात खुद्द चित्रकाराचा चेहरा आहे.

ह्या भिंतीचा अर्थ कसा लावावयाचा? १९४४ नंतर बल्गेरियात समाजवादी राजवट आली, आणि तिच्या काळातील लेखनाने एक सरळ उत्तर पुढे केले. ‘चोर्बाजी’, म्हणजे तुर्की सत्तेशी जुळवून घेऊन गावावर वर्चस्व गाजविणारे ख्रिस्ती धनिक, ह्यांना चित्रकाराने नरकात ढकलले. सबब हे वर्गद्वेषाचे, शोषितांच्या बाजूचे चित्र. दुसरे, त्याहून जुने उत्तर राष्ट्रवादी आहे : प्लोव्दिव्हचा हा धनिकवर्ग बव्हंशी ग्रीक अथवा ग्रीकाळलेला होता, तेव्हा ह्या चित्रात बल्गेरियन अस्मितेने आपला राग व्यक्त केला आहे. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश नाही असे नाही. तरीपण दोन्हींना एका साध्या वस्तुस्थितीचा जाब द्यावा लागतो. झाहारीचे पोट ज्यांच्यावर चालत होते ते आश्रयदाते ह्याच थरातले होते. व्यापारी, चोर्बाजी आणि मठाधिपती ह्यांनीच त्याला कामे दिली, आणि ह्या चित्रानंतरही ती देणे थांबविले नाही. १८४१ मध्ये त्याच मठात प्रधान देवदूतांच्या देवालयाचे काम त्यालाच मिळाले. ज्या चित्राने वर्गयुद्ध पुकारले, त्याच्या कर्त्याला त्याच वर्गाने पुढल्या वर्षी पुन्हा बोलवावे, ही कल्पना मला पटत नाही.

माझ्या मते येथे परंपरेकडेच वळले पाहिजे. श्रीमंत नरकात जातो, हा झाहारीचा शोध नव्हे. बाल्कन आणि ग्रीक प्रदेशांतील जुन्या भित्तिचित्रांतून गळ्यात जात्याची तळी अडकविलेला लबाड पिठवाला, खोट्या मापाने दारू विकणारा कलाल, सावकार, प्रसंगी मुकुटधारी राजे व धर्माधिकारीही नरकात दिसतात. धनिकाला हे ठाऊक होते. देणगी देण्यामागे त्याची ती भीतीही होती. म्हणून पापी कोण हे झाहारीने बदलले नाही. पापी ओळखू यावा एवढेच त्याने केले. पण हे ‘एवढेच’ लहान नव्हे. प्रतीकाला जेव्हा आजचा पोशाख चढतो, तेव्हा उपदेश सर्वसामान्य राहत नाही. तो नाव-गाव घेऊन बोलू लागतो. परंपरा मोडण्याची गरजच पडली नाही, कारण धर्माने दिलेल्या जागेतच वर्तमानकाळ शिरला.

रीला मठाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. तेथील देवालयाची चित्रे १८४६ पर्यंत पूर्ण झाली. समोकोव्ह, बान्स्को, राझलोग अशा ठिकाणच्या अनेक झोग्राफांनी ती रंगविली, आणि त्यांत दिमितर व झाहारी हे दोघे भाऊ होते. इतक्या हातांच्या कामातून एकाचा वाटा निवडून काढण्याचा हव्यास न धरणेच बरे. एक गोष्ट मात्र नोंदविण्याजोगी आहे. ह्या सामूहिक कार्यात झाहारीने १८४४ च्या सुमारास आपले नाव भिंतीवर लिहून ठेवले. कारागिरांच्या जगात नाव ही तशी गौण वस्तू. नाव घातलेच तर ते ‘पापी दासाच्या हातून’ अशा नम्रतेच्या आवरणाखाली घालण्याची रीत होती. झाहारीला आपण कोण आहोत हे नोंदवावेसे वाटत होते.

ही इच्छा सर्वांत स्पष्ट दिसते ती त्रोयान मठात. तेथील देवालय त्याने १८४७ ते १८४९ ह्या काळात आतून-बाहेरून रंगविले, आणि आत एका खिडकीच्या शेजारी स्वतःला उभे केले. मठाधिपती हाजी फिलोतेई ह्याचेही चित्र त्याने त्याच देवालयात काढले. दात्याचे चित्र देवालयात असणे ही राजेरजवाड्यांच्या काळापासूनची रूढी आहे. देवालयाची लहान प्रतिकृती हाती धरलेले राजे बाल्कनमधील मध्ययुगीन भिंतींवर जागोजाग भेटतात. पैसा देणाराला भिंतीवर जागा होती, रंगविणाऱ्याला नव्हती. आपणही ह्या वास्तूचे एक दाते आहोत, असे झाहारीने जणू मानले. मठाधिपतीने आपले द्रव्य व अधिकार दिला, चित्रकाराने आपले हात दिले. ह्या चित्राला अहंकार म्हणावे की हक्क, हा निर्णय वाचकाने करावा. मी त्याला हक्क म्हणेन. पण बाच्कोव्होचा कोपराही येथे आठवला पाहिजे. तेथे त्याने स्वतःला ठेवले आहे ते न्यायनिवाड्याच्या चित्रात, म्हणजे ज्याचा निवाडा व्हावयाचा आहे अशा जगात. एका भिंतीवर साक्षीदार व आरोपी, दुसरीवर मालकाच्या पंक्तीतला माणूस. मधल्या सात-आठ वर्षांत त्याचे स्वतःविषयीचे मत पालटले असावे, असा तर्क केल्यास तो निराधार होणार नाही.

त्रोयान येथे बाहेरच्या भिंतीवर ‘जीवनचक्र’ आहे, आणि १८४९ ते १८५१ मध्ये प्रेओब्राझेन्स्की मठाच्या दक्षिण भिंतीवर त्याने ते पुन्हा रंगविले. हीच कृती सर्वांत प्रसिद्ध आहे. वर उल्लेखिलेल्या नोटेच्या मागील बाजूस तीच छापली होती. नावावरून आपल्या मनात बौद्ध भवचक्र येणे स्वाभाविक आहे, परंतु केवळ नामसादृश्यावरून संबंध जोडण्याचा मोह टाळावा. ह्या चक्राची कृती दिओनिसिओसच्या ग्रंथात दिलेली आहे. एकात एक वर्तुळे, त्यांत ऋतू व राशी, बाहेर मनुष्याच्या सात अवस्था. बालक एका बाजूने चढत वर जातो, शिखरावर क्षणभर राजासारखा बसतो, आणि दुसऱ्या बाजूने म्हातारा होत खाली, मृत्यूच्या मुखाकडे, घसरतो. चक्र फिरविणारे दिवस आणि रात्र. झाहारीने पोथीतील हा विषय देवालयाच्या बाहेर, उन्हात, सर्वांच्या नजरेसमोर आणला. आत जाऊन पूजा करणारालाच नव्हे, तर अंगणात बसलेल्या यात्रेकरूलाही तो दिसावा अशी ही योजना आहे. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकाला त्यातला प्रत्येक टप्पा स्वतःच्या गावातल्या माणसाशी ताडून पाहता येतो.

प्रेओब्राझेन्स्की मठाच्या वास्तूचीही एक कथा आहे, आणि ती ह्या भिंतींच्या काळाची आठवण देते. देवालयाचा आरंभ दिमितर सोफियालियाता ह्या स्थपतीने केला. परंतु १८३५ च्या तुर्कांविरुद्धच्या कटात, ज्याला ‘व्हेल्चोचा कट’ म्हणतात, तो सापडला आणि त्याला फाशी देण्यात आले. मग प्रसिद्ध स्थपती कोल्यू फिचेतो (१८००–१८८१) ह्याने ते काम पुरे केले. बंडखोराने पाया घातलेल्या देवालयावर झाहारीने बंडाचे चित्र काढले नाही. त्याने तेथे आणि त्रोयान येथे बल्गेरियन व स्लाव्ह संतांना ठळक जागा दिली. कुठे सिरिल आणि मेथोडियस, कुठे रीलाचा जॉन. हे संत त्याने निर्माण केले नव्हते. ख्रिस्तोफोर झेफारोविचने १७४१ साली व्हिएन्ना येथे छापलेल्या ‘स्तेमातोग्राफिया’ ह्या पुस्तकात स्लाव्ह राजे व संत ह्यांची चित्रमालिका आधीच आली होती. पण छापील पान आणि देवालयाची भिंत ह्यांत फरक आहे. पान चाळले जाते, भिंतीपुढे मेणबत्ती लावली जाते. मे १८५१ मध्ये प्लोव्दिव्ह येथे नायदेन गेरोव्ह ह्याच्या शाळेत सिरिल-मेथोडियस ह्यांचा उत्सव प्रथमच शालेय सण म्हणून साजरा झाला. तीच वर्षे झाहारीच्या ह्या भिंतींची आहेत. कोणी कोणाचे अनुकरण केले हे ठरविण्याची गरज नाही. शाळा आणि देवालय ह्या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट एकाच वेळी घडत होती.

आणि तरीही, त्याला निव्वळ राष्ट्रकवीसारखा ‘राष्ट्रचित्रकार’ ठरविण्याची घाई करू नये. १८५१–५२ मध्ये तो एथॉस पर्वतावर गेला आणि तेथील महालावरा मठाच्या बाह्य प्रवेशमंडपाचे काम त्याने केले. हा मठ इ. स. ९६३ चा, संत अथानासिओसने स्थापिलेला, एथॉसवरील सर्वांत जुना व मानाचा, आणि पूर्णतः ग्रीक. ज्याच्या बाच्कोव्हो येथील नरकात ग्रीकाळलेले धनिक दिसतात असे सांगितले जाते, त्याला ग्रीक साधूंच्या श्रेष्ठ मठाने बोलावले, आणि तोही गेला. ‘बल्गेरियन’ ही जाणीव त्याच्यात निश्चित होती. परंतु झोग्राफाचा धंदा अद्याप सीमांनी बांधलेला नव्हता. ऑर्थोडॉक्स धर्माचे जग एक होते, आणि त्या जगात कसबी हाताला मागणी होती. १८७० साली स्वतंत्र बल्गेरियन एक्सार्केट स्थापन झाल्यावर आणि त्याच्या आगेमागे झालेल्या ग्रीक-बल्गेरियन धर्मकलहात हे जग दुभंगले. त्यानंतर जन्मलेल्या अभ्यासकांना झाहारीचे एथॉसला जाणे थोडे अवघड वाटत असावे. कित्येक चरित्रांत ते एका वाक्यात उरकलेले असते.

एथॉसहून परतल्यावर त्याला फार काळ मिळाला नाही. १४ जून १८५३ रोजी समोकोव्ह येथे विषमज्वरासारख्या साथीच्या तापाने, टायफसने, त्याचा अंत झाला. वय त्रेचाळीसच्या आसपास. भाऊ दिमितर त्याच्यामागे सात वर्षे जगला. त्याच दिमितरचा मुलगा स्तानिस्लाव (१८२३–१८७८) आपल्या आजोबांच्या खेड्यावरून दॉस्पेव्हस्की असे आडनाव लावू लागला. रशियात जाऊन त्याने सेंट पीटर्सबर्गच्या कला-अकादमीतून १८५६ मध्ये शिक्षण पुरे केले, आणि परत येऊन देवालयांसाठी प्रतिमा आणि धनिकांसाठी तैलरंगातील व्यक्तिचित्रे अशी दोन्ही कामे केली. झाहारीला जे भिंतीच्या कोपऱ्यात चोरून घ्यावे लागले, ते पुतण्याला पदवीने मिळाले. त्याच्या आडनावात ‘झोग्राफ’ नाही. १८७६ च्या एप्रिल उठावानंतरच्या धरपकडीत तो सापडला आणि जानेवारी १८७८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात मरण पावला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये सान स्तेफानोच्या तहावर सह्या झाल्या.